वनस्पतिशास्त्राच्या लॅटिनमधली उष्णता: उकळणं, भाजणं आणि पोळणं कसं ओळखावं

आपल्याकडे गहू रब्बीत पेरतात, थंडीवर तो पोसतो आणि होळीच्या आगेमागे कापणीला येतो. त्याचं शास्त्रीय नाव मात्र आहे त्रितिकुम एस्तिवुम, म्हणजे ‘उन्हाळी गहू’. १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने युरोपातली शेती डोळ्यांपुढे ठेवून गव्हाला दोन नावं दिली होती. वसंतात पेरून उन्हाळ्यात वाढणारा तो एस्तिवुम आणि हिवाळ्याआधी पेरून ठेवलेला तो हिबेर्नुम. पुढे दोन्ही एकच जाती ठरली, एस्तिवुम हे नाव टिकलं आणि जगभरच्या गव्हाला लागलं. आपल्या थंडीतल्या गव्हालाही.

वनस्पतिशास्त्राच्या लॅटिनमध्ये उष्णतेचे शब्द असेच वागतात. ते तापमान क्वचितच सांगतात. बहुतेक वेळा ते ऋतू, जागा, चव, स्पर्श, रंग किंवा नमुन्यावर केलेली प्रक्रिया सांगतात. शब्दकोशात ‘गरम’ एवढा अर्थ सापडला आणि तो घेऊन पुढे गेलं, की वर्णन चुकीचं वाचलं जातं. म्हणून या लेखात शब्दांच्या अर्थाइतकंच लक्ष त्यांच्या जागेकडे दिलं आहे.

हे लॅटिन आता कशाला, असं नव्या विद्यार्थ्यांना वाटतं. कारण सरळ आहे. १ जानेवारी १९३५ पासून २०११ च्या अखेरीपर्यंत नव्या सपुष्प वनस्पतीचं नाव वैध ठरायला लॅटिन वर्णन किंवा निदान तिचं वेगळेपण सांगणारा लॅटिन मजकूर लागायचा. २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी, दोन्ही चालतं. म्हणजे सह्याद्रीतल्या ज्या कंदीलपुष्पांना आणि गेंदांना त्या काळात नावं मिळाली, त्यांचा मूळ मजकूर लॅटिनमध्ये आहे. त्याआधीचं साहित्य तर फार मोठ्या प्रमाणावर लॅटिनमध्येच आहे.

उच्चाराबद्दल एक सूचना. इथे मी लॅटिन शब्द अक्षरागणिक उच्चारून लिहिले आहेत. कॉलेजात ‘युरेन्स’, ‘एस्टिव्हम’, ‘थर्मॅलिस’ असं कानावर येतं. त्यात काही बिघडत नाही, शब्द तेच आहेत. एस्तिवुम, एस्तास या शब्दांच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला A आणि E ही रोमन अक्षरं जोडीने येतात, एवढं कोशात शोधताना लक्षात ठेवा.

पहिली पायरी: शब्द कुठे बसला आहे ते पाहा

लॅटिन वर्णनाची मांडणी बरीचशी ठरलेली असते. आधी झाडाचा एकूण घाट, मग फोलिआ म्हणजे पानं, फ्लोरेस म्हणजे फुलं, फ्रुक्तुस म्हणजे फळ. त्यानंतर ‘हाबितात’ या शब्दाने ते कुठे वाढतं हे येतं आणि ‘फ्लोरेत’ या शब्दाने कधी फुलतं ते. जुन्या ग्रंथांत शेवटी ‘ऊसुस’, म्हणजे उपयोग.

आता उष्णतेचा शब्द यातल्या कोणत्या कप्प्यात आहे ते बघा. पानांच्या वर्णनात असेल तर तो रूप सांगतो: कडा करपल्यासारखी आहे, पृष्ठभाग फुगलेला आहे. फळाच्या वर्णनात असेल तर बहुधा चव किंवा अंगाला होणारी आग. ‘हाबितात’च्या पुढे असेल तर हवामान, गरम पाण्याचा झरा किंवा जळलेली जमीन. ‘फ्लोरेत’च्या पुढे ऋतू. ‘ऊसुस’मध्ये काढा, लेप, तेल. आणि फुलाच्या मोजमापांच्या आसपास ‘उकळत्या पाण्यात’ असं आलं, तर तो नमुना कसा तपासला याचा तपशील असतो. झाडाच्या स्वभावाशी त्याचा संबंध नसतो. कोश उघडण्याआधी एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

दुसरी पायरी: शब्दांची घराणी लावून घ्या

इथे मराठी वाचकाला मोठा फायदा आहे. लॅटिन आणि संस्कृत या एकाच मूळ भाषेच्या लेकी असल्यामुळे यातले बरेच शब्द आपल्या घरातल्याच शब्दांचे चुलत भाऊ आहेत.

इग्निस म्हणजे अग्नी, हे ऐकताक्षणी कळतं. तेपिदुस म्हणजे कोमट, आणि त्याचा धातू आपल्या तप्, ताप, तप्त यांचाच सगा. ऊरेरे म्हणजे जाळणे आणि उस्तुस म्हणजे जळलेला. त्यांचं नातं उष्ण, ऊष्मा यांच्याशी. एस्तुस म्हणजे काहिली आणि त्यावरून एस्तास म्हणजे उन्हाळा. याच मुळातून आपले इंधन आणि समिधा हे शब्द आले. थेर्मे म्हणजे गरम पाण्याची कुंडं. हा ग्रीकमधून आलेला शब्द घर्म या शब्दाचा नातेवाईक, आणि घर्मापासून आपला घाम.

सगळ्यात कामाची जोडी आहे कोक्वेरे आणि पच्. कोक्वेरे म्हणजे शिजवणे, त्यावरून कोक्तुस म्हणजे शिजलेला. आपल्याकडे पच् वरून पक्व. पक्व म्हणजे शिजलेलं आणि पक्व म्हणजे पिकलेलंही. लॅटिनमध्येही तेच. म्हणून प्रेकोक्स हे विशेषण ‘आधीच शिजलेलं’ म्हणजे वेळेआधी पिकणारं किंवा फुलणारं, अशा अर्थाने येतं. ऐन हिवाळ्यात पानं येण्याआधी फुलणारं चिनी झुडूप खिमोनान्थुस प्रेकोक्स हे त्याचं उदाहरण. या नावात उष्णतेचा मागमूस नाही, फक्त घाई आहे.

कालोर, म्हणजे उष्णता, आणि कालिदुस, म्हणजे उष्ण, यांना मात्र आपल्याकडे असा सोपा आधार नाही. ते पाठच करावे लागतात. फेर्वेरे आणि बुल्लिरे, म्हणजे उकळणे, यांचंही तसंच.

किती गरम म्हणजे कालिदुस, याचा एक अंदाज हाताशी असलेला बरा. स्वीडनमधल्या उप्सालाच्या वनस्पती उद्यानावरच्या १७४५ च्या लॅटिन प्रबंधात लिनीयसने तिथल्या काल्दारिउमचं, म्हणजे काचघराच्या उष्ण दालनाचं, तापमान नोंदवलं आहे. नुसत्या उन्हाने तिथला पारा अनेकदा ३० अंशांवर जाई. माळी तो २० ते २५ च्या वर जाऊ देत नसे आणि हिवाळ्यात १५ च्या खाली उतरू देत नसे. पाणी गोठतं तिथे शून्य आणि उकळतं तिथे शंभर, ही सुलटी मोजपट्टी त्यात वापरली आहे. सेल्सियसने १७४२ मध्ये ती उलटी मांडली होती, उकळण्याला शून्य धरून. तर उत्तर युरोपातल्या लेखकाचं ‘उष्ण दालन’ म्हणजे पुण्याची फेब्रुवारीतली दुपारही नव्हे. जुन्या बागांच्या याद्यांत एखाद्या झाडापुढे ‘इन काल्दारिओ’ असेल तर ते उबदार काचघरात ठेवायचं, ‘इन तेपिदारिओ’ असेल तर मध्यम आणि ‘इन फ्रिगिदारिओ’ असेल तर थंड काचघरात.

तिसरी पायरी: शब्दाचं शेपूट वाचा

विभक्ती आपल्याला नवीन नाही. लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे बदलतं, मराठीत ‘उकळलेला, उकळलेली, उकळलेलं’ होतं तसं. कालिदुस पुल्लिंगी, कालिदा स्त्रीलिंगी, कालिदुम नपुंसकलिंगी. थेर्मालिससारख्या शब्दांना पुल्लिंग आणि स्त्रीलिंग दोन्हीकडे एकच रूप, नपुंसकात थेर्माले. फेर्वेन्ससारखी वर्तमानकालीन रूपं तर एकवचनी प्रथमेत तिन्ही लिंगांना सारखीच राहतात आणि बाकी ठिकाणी फेर्वेन्त- हे मूळ रूप दिसू लागतं: ‘इन अक्वा फेर्वेन्ते’, उकळत्या पाण्यात.

अडकायला होतं ते ‘कोक्ता’पाशी. ‘रादिक्स कोक्ता’ म्हणजे शिजवलेलं मूळ, स्त्रीलिंगी एकवचन. ‘फोलिआ कोक्ता’ म्हणजे शिजवलेली पानं, नपुंसकलिंगी अनेकवचन. रूप तेच. त्यात ‘रादिक्स इन अक्वा कोक्ता’ असं आलं की दोन वाचनं शक्य होतात: पाण्यात शिजवलेलं मूळ, किंवा उकळलेल्या पाण्यातलं मूळ. लिहिताना दोन्ही ‘कोक्ता’ सारखेच दिसतात, फक्त उच्चारात शेवटचा स्वर ऱ्हस्व-दीर्घ होतो. औषधाच्या कृतीत पहिलं वाचन जवळजवळ नेहमी बरोबर निघतं, तरी पुढचं क्रियापद पाहिल्याशिवाय ठरवू नका.

तुलनेची रूपंही ओळखा. कालिदिओर म्हणजे अधिक उष्ण. ‘इन कालिदिओरिबुस’ म्हणजे अधिक उष्ण प्रदेशांत. ‘हाबितात’पुढे हा शब्द आला की लेखक झाडाचा भूगोल सांगतो आहे, अंशांचा आकडा नाही.

चौथी पायरी: उकळण्याचे शब्द वेगळे करा

फेर्वेन्स आणि फेर्विदुस यांत उकळतं पाणीही येतं आणि फार गरम पाणीही. बुल्लिएन्स आणि एबुल्लिएन्स यांत बुडबुडे येणारं, खळखळ उकळणारं पाणीच. बुल्ला म्हणजे बुडबुडा, त्यावरून हे आलं. औषधांच्या जुन्या लिखाणात हा भेद पाळलेला दिसतो आणि तिथे शब्द तोडून लिहिलेले असतात: ‘अक्व. फेर्व.’, ‘अक्व. बुल्ल.’, ‘कोक्व.’ म्हणजे उकळा. कालेफाक्तुस म्हणजे तापवलेला, उकळलेलाच असं नाही. एलिक्सुस म्हणजे पाण्यात उकडलेला, भाजलेल्याच्या विरुद्ध. तोस्तुस म्हणजे भाजलेला, शेकलेला. आणि एफेर्वेस्केन्स दिसलं तर चूल पेटलेलीच नाही. आम्ल टाकल्यावर फसफसणारं, एवढाच त्याचा अर्थ.

वनस्पतीच्या वर्णनात उकळतं पाणी येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे वाळलेली फुलं. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कागदावर दाबून सुकवलेलं फूल तसंच उघडायला गेलं तर त्याचा चुरा होतो. म्हणून एखादं फूल काढून उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवतात. आतली हवा निघून गेली की ते मऊ पडतं आणि पाकळ्या सुईने उलगडता येतात. मग भिंगाखाली पुंकेसर, बीजांडं, केस सगळं पाहता येतं. लॅटिनमध्ये याची नोंद ‘फ्लोरेस सिक्काति इन अक्वा फेर्विदा एमोल्लिति’ अशा धाटणीची असते: वाळवलेली फुलं, गरम पाण्यात मऊ केलेली. शेवाळवर्गी वनस्पतींच्या पानांबद्दलही असंच वाचायला मिळतं.

ही नोंद नवखे लोक सोडून देतात. ती सोडू नये असं मला फार वाटतं, कारण वाळलेली पाकळी आक्रसते आणि पाण्यात भिजून मऊ झालेली बरीचशी पूर्ववत पसरते. वर्णनातली पाकळीची लांबी कोणत्या अवस्थेतली आहे हे कळल्याशिवाय तुमच्या ताज्या फुलाशी तिची तुलना करता येत नाही. म्हणून तीन शब्दांवर खूण करा: ‘इन विवो’ म्हणजे जिवंतपणी, ‘इन सिक्को’ म्हणजे वाळल्यावर, आणि ‘पोस्त कोक्तिओनेम’ म्हणजे उकळल्यानंतर. दोन जातींमधला फरक एखाददुसऱ्या मिलिमीटरवर उभा असतो तेव्हा सगळं यावर अवलंबून असतं. तुम्ही स्वतः वर्णन लिहीत असाल, कोणत्याही भाषेत, तर ही अवस्था नोंदवाच. आणि हर्बेरियममधल्या पत्रकावरचं फूल काढून उकळण्याआधी तिथल्या अभिरक्षकांची परवानगी घ्या. काही पत्रकांवर फुलं दोनचारच उरलेली असतात, आणि मूळ नमुन्यावरचं फूल एकदा गेलं की गेलं.

पाचवी पायरी: काढ्यांचं लॅटिन

‘ऊसुस’ हा भाग मराठी वाचकासाठी सगळ्यात ओळखीचा. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात पोर्तुगीजमध्ये छापलेलं औषधींवरचं पुस्तक युरोपभर पोचलं ते वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियुसच्या १५६७ च्या लॅटिन अवतारामुळे. त्यानंतरचा मोठा ग्रंथ म्हणजे ‘होर्तुस मालाबारिकुस’. कोचीचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रेडे याने तो करवून घेतला आणि १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे १२ खंड निघाले. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेलं आहे आणि चित्रांवर झाडांची नावं नागरीतही आहेत. इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचं ज्ञानही त्यात आहे. मजकूर मल्याळममधून पोर्तुगीज, त्यातून डच आणि तिथून लॅटिनमध्ये गेला. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचे काढे लॅटिनमध्ये वाचायचे असतील तर हा ग्रंथ उघडावा लागतो.

आयुर्वेदातल्या पाच कल्पना माहीत असतील तर शब्द पटापट बसतात. देकोक्तुम म्हणजे क्वाथ, पाण्यात उकळून केलेला काढा. इन्फूसुम म्हणजे फांट: द्रव्यावर गरम पाणी ओतायचं, मुरू द्यायचं, गाळायचं. द्रव्य चुलीवर चढत नाही. मासेरातिओ म्हणजे भिजत घालणं, आणि ते थंड पाण्यात असेल तर आपला हिम. सुक्कुस एक्स्प्रेस्सुस म्हणजे पिळून काढलेला रस, स्वरस. कुटून केलेल्या कल्कासाठी ‘कोन्तूसुस’, म्हणजे ठेचलेला, या शब्दाच्या आसपास शोधा. शिवाय सुक्कुस इन्स्पिस्सातुस म्हणजे आटवून घट्ट केलेला रस, आणि मेल देस्पुमातुम म्हणजे तापवून वरचा फेस काढलेला मध. बाल्नेउम मारिए हे नाव आलं तर भांडं थेट आचेवर नाही, गरम पाण्यात ठेवलेलं आहे. बाल्नेउम आरेने असेल तर तापलेल्या वाळूत.

आटवण्याचं प्रमाण जपून वाचा. ‘आद तेर्तिआम पार्तेम’ म्हणजे एक तृतीयांश उरेपर्यंत. ‘आद कोन्सुम्प्तिओनेम तेर्तिए पार्तिस’ म्हणजे एक तृतीयांश आटून जाईपर्यंत, म्हणजे दोन तृतीयांश उरतं. आपल्याकडे अष्टमांश काढा म्हटलं की आठवा भाग उरवायचा हे ठरलेलं आहे. लॅटिनमध्ये मात्र ‘कोन्सुम्प्तिओ’ हा शब्द आहे की नाही ते बघितल्याशिवाय काढ्याचं बळ कळत नाही.

याच भागात कालिदुस वेगळ्याच अर्थाने भेटतो. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या परंपरेत प्रत्येक द्रव्याला उष्ण किंवा शीत आणि रुक्ष किंवा स्निग्ध असा स्वभाव मानला जाई आणि त्याच्या चार पायऱ्या असत. ‘कालिदा एत सिक्का इन तेर्तिओ ग्रादू’ म्हणजे तिसऱ्या पायरीची उष्ण आणि रुक्ष. हात लावला तर वस्तू थंडच लागेल. आजी ‘हे उष्ण पडतं’ म्हणते तेव्हा आपण थर्मामीटर आणत नाही, त्याच कानाने हे वाक्य ऐका. संस्कृतात याला उष्ण वीर्य म्हणतात, म्हणून अशा ठिकाणी कालिदुस मराठीत उतरवताना तोच शब्द वापरावा.

सहावी पायरी: गरम झरे

थेर्मे हा शब्द नेहमी अनेकवचनी चालतो. त्याची षष्ठी थेर्मारुम, म्हणजे ‘गरम झऱ्यांची’. रवांडातल्या माश्युझा इथल्या गरम झऱ्याकाठी सापडलेल्या आणि १९८८ मध्ये नाव मिळालेल्या चिमुकल्या कुमुदाचं नाव निम्फेआ थेर्मारुम. कुमुदांमध्ये ते जगातलं सर्वांत लहान. नावावरून ते उकळत्या पाण्यात वाढत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात झऱ्याचं पाणी वाहत जाऊन २५ अंशांच्या आसपास निवलं की तिथल्या ओल्या चिखलात ते वाढायचं. पाणी दुसरीकडे वळवल्यावर २००८ च्या सुमारास ते तिथून नाहीसं झालं. लंडनच्या क्यू उद्यानात कार्लोस माग्दालेना यांनी २००९ मध्ये बिया कशा रुजवायच्या याचं कोडं सोडवलं आणि ही जाती हातची गेली नाही.

विशेषण थेर्मालिस. कॅलिफोर्नियातल्या गरम झऱ्यांच्या परिसरातल्या गवताला १८६२ मध्ये पानिकुम थेर्माले नाव मिळालं. पानिकुम नपुंसकलिंगी, म्हणून थेर्माले. याच्या नात्यातलं गवत यलोस्टोनच्या तापलेल्या मातीत वाढतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं की मातीचं तापमान ६५ अंशांपर्यंत गेलं तरी ते तग धरतं, पण एकट्याच्या बळावर नाही. त्याच्या आत एक बुरशी राहते आणि त्या बुरशीच्या आत एक विषाणू. दोन्हींपैकी एक काढलं तर गवत मरतं. मला या विषयात यापेक्षा सुंदर गोष्ट माहीत नाही.

वर्णनात ‘इन फोन्तिबुस कालिदिस’, ‘इन आक्विस थेर्मालिबुस’ आलं तर गरम झऱ्याचं पाणी समजा. थेर्मे हा शब्द मोठ्या अक्षराने आणि विशेषणासह आला तर ते गावाचं नाव असू शकतं. थेर्मे कारोलिने म्हणजे आजचं चेक देशातलं कार्लोवी वारी. शैवालांच्या वाचकाला हे शब्द सारखे लागतात, कारण गरम झऱ्यांत निळी-हिरवी शैवालं भरपूर असतात. आपल्याकडे वज्रेश्वरीच्या झऱ्यांतल्या शैवालांवर एला गोन्साल्विस यांनी १९४७ मध्ये लिहिलं आहे. कोकणात अशा झऱ्यांना उन्हाळे म्हणतात. भाषांतरात हाच शब्द वापरा. ‘औष्णिक जलस्रोत’ असं काही घडवायची गरज नाही.

सातवी पायरी: पोळणं, करपणं, जळणं

ऊरेन्स म्हणजे पोळणारं, अंगाची आग करणारं. भेरली माडाचं नाव कारिओता ऊरेन्स. त्याच्या फळाच्या गरात सुईसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात आणि हाताला, तोंडाला लागले की आग होते. युरोपातली लहान आगपान ऊर्तिका ऊरेन्स, तीही याच घरातली. खाजकुइली मात्र मुकुना प्रूरिएन्स: प्रूरिएन्स म्हणजे खाज आणणारी. आग आणि खाज हा भेद लॅटिनने नीट राखला आहे, आपणही राखावा. फळाच्या संदर्भात ‘सापोरे ऊरेन्ते’ असेल तर चवीला जहाल.

उस्तुलातुस म्हणजे टोकाशी करपल्यासारखं. लिनीयसने ओर्किस उस्तुलाता हे नाव दिलेल्या युरोपीय आमरीत तुऱ्याच्या शेंड्याच्या न उमललेल्या कळ्या इतक्या गडद असतात की शेंडा विस्तवाला लागल्यासारखा दिसतो. आता ती नेओतिनेआ या प्रजातीत आहे. अदुस्तुसही तसाच, करपट. लाकडावरच्या ब्येर्कान्देरा अदुस्ता या बुरशीच्या कडा धुरकट-काळ्या होतात. मक्यावरची काणी आणणाऱ्या बुरशीचं उस्तिलागो हे नावही उस्तुसवरूनच, काळ्या भुकटीमुळे. यातलं काहीच खरोखर जळलेलं नसतं. ‘इन लोकिस अदुस्तिस’ असं ‘हाबितात’पुढे आलं तर मात्र जमीन खरोखर जळलेली आहे. वणव्यानंतर किंवा कोळशाच्या भट्टीच्या जागी उगवणाऱ्या बुरश्यांच्या वर्णनात हे सापडतं.

आठवी पायरी: नुसते तसे दिसणारे शब्द

बुल्लातुस हा बुडबुड्याच्या घरातलाच, पण त्याचा अर्थ फोडांसारखा फुगलेला. ‘फोलिआ बुल्लाता’ म्हणजे शिरांच्या मधला भाग वर उचललेली पानं. ती कुणी उकळलेली नाहीत. साम्बूकुस एबुलुस या झाडातलं एबुलुस हे रोमन लोकांचं त्या झाडाचं जुनं नाव, एबुल्लिएन्सशी त्याची सांगड घालू नका. कोक्किनेउस म्हणजे लालभडक, कोक्तुसशी नातं नाही. पिकल्यावर लाल होणाऱ्या आपल्या तोंडलीची प्रजाती कोक्किनिआ, ती यावरून. थेर्मोप्सिस ही हिमालयातही सापडणारी प्रजाती ऐकायला उष्ण वाटते, पण तिथला ग्रीक शब्द एका कडधान्याचा, ल्युपिनचा आहे: थेर्मोप्सिस म्हणजे ल्युपिनसारखी दिसणारी. कालेन्दुला हे नाव महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या रोमन नावावरून, कालोरवरून नाही. आणि एस्तिवातिओ म्हणजे कळीत पाकळ्यांची घडी कशी बसली आहे ते. शब्द उन्हाळ्यावरून आला असला तरी वर्णनात त्याचा ऋतूशी काही संबंध उरत नाही.

सराव

हा उतारा मी सरावासाठी रचला आहे, कोणत्याही खऱ्या झाडाचा नाही:

‘फोलिआ बुल्लाता, मार्गिने क्वासि अदुस्तो. फ्लोरेस सिक्काति इन अक्वा फेर्विदा एमोल्लिति. फ्रुक्तुस कोक्किनेउस, सापोरे ऊरेन्ते. हाबितात इन लोकिस कालिदिओरिबुस प्रोपे थेर्मास; फ्लोरेत एस्ताते. देकोक्तुम फोलिओरुम तेपिदुम प्रोपिनातुर.’

आधी स्वतः लावून पाहा, मग पुढे वाचा. पानं फुगीर पृष्ठभागाची, कडा जणू करपलेली: ‘क्वासि’ म्हणजे जणू, त्यामुळे रूपाचीच गोष्ट आहे हे पक्कं झालं. फुलं वाळवलेली, गरम पाण्यात मऊ करून पाहिलेली. फळ लालभडक, चवीला जहाल. अधिक उष्ण जागी, गरम झऱ्यांजवळ वाढतं, उन्हाळ्यात फुलतं. पानांचा काढा कोमट करून प्यायला देतात. उष्णतेशी जोडता येतील असे शब्द दहाएक आले, आणि हाताला जाणवेल अशी उष्णता फक्त पाण्यात, जागेत आणि काढ्यात निघाली.

यानंतर खऱ्या मजकुराकडे वळा. ‘होर्तुस मालाबारिकुस’चे खंड इंटरनेटवर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत फुकट वाचता येतात, आणि के. एस. मणिलाल यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर पडताळ्याला उपयोगी पडतं. पहिल्या खंडाची सुरुवात ‘तेंगा’ने होते, म्हणजे नारळाने. झाड रोजच्या ओळखीचं असल्यामुळे अर्थ चुकला तर लगेच लक्षात येतो. एक कागद शेजारी ठेवा, उष्णतेचा प्रत्येक शब्द त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नामासकट उतरवा, आणि तो वरच्यापैकी कोणत्या कप्प्यातला हे समोर लिहीत जा.